सभागृह ते संग्रहालय : मुंबईतील एका वास्तूचा व तिच्या नावांचा इतिहास

मुंबईच्या कोट विभागात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौकाभोवती ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत बाहेरून पाहणाऱ्यास फारशी निराळी वाटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात उठलेल्या दगडी इमारतींच्या पंक्तीत ती सहज बसते. आत पाऊल टाकल्यावर मात्र प्रेक्षकाची समजूत एकदम उलटते. जेथे एक प्रशस्त सभागृह असावे अशी बाहेरून अपेक्षा होते, तेथे अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली आहेत. जिन्याने एकेक दालन मागे टाकीत वर जावे आणि अखेरीस घुमटाखालच्या दालनात पोहोचावे, अशी ही योजना आहे. बाहेरील वास्तू १९११ सालाची आणि आतील १९९६ सालची. आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडून हल्ली जी चमत्कृती लोक अपेक्षितात, ती येथे दर्शनी भागात नसून पोटात आहे.

या एकाच वास्तूची तीन नावे प्रचारात आहेत. इंग्रजीत ती ‘नॅशनल गॅलरी’ आहे. सरकारी हिंदीत आणि तिच्यामागोमाग मराठीत ती ‘संग्रहालय’ आहे. आणि जुन्या मुंबईकराच्या बोलण्यात ती ‘सी. जे. हॉल’ आहे. गॅलरी, संग्रहालय आणि हॉल हे तीन शब्द समानार्थी नाहीत, हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. परंतु ही केवळ भाषांतरातील ढिलाई आहे असे समजून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. या वास्तूचा कोणता उपयोग मुख्य मानावयाचा, याविषयीचा एक जुना वाद या तीन नावांत दडलेला आहे आणि २०१९ साली तो चारचौघांत प्रकट झाला. प्रस्तुत निबंधाचा विषय हा वाद होय. वास्तूचा इतिहास सांगताना शब्दांचा इतिहासही अधूनमधून सांगावा लागेल, त्याला इलाज नाही.

‘सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह’ हे या वास्तूचे मूळ नाव. जॉर्ज विटेट (१८७८–१९२६) या स्कॉटिश वास्तुविशारदाने तिची रचना केली. १९०४ साली हिंदुस्थानात आलेल्या आणि मुंबईतच निधन पावलेल्या या गृहस्थाने दक्षिण मुंबईला जे रूप दिले ते पाहता, या चौकाला विटेटचे अंगण म्हणावयास हरकत नाही. समोर वस्तुसंग्रहालय, हाकेच्या अंतरावर गेटवे ऑफ इंडिया (१९२४) आणि सभागृहाला लागूनच विज्ञान संस्था : ही सारी त्याचीच कामे. यांतील शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे सभागृह एकटे योजलेले नव्हते. विज्ञान संस्थेची मुख्य इमारत, सर जेकब ससून यांच्या नावाची तिची बाजू, सर वसनजी मुळजी यांच्या नावाचे ग्रंथालय आणि हे सभागृह असा तो एक समूह होता. त्याच्या उभारणीचे काम १९११ पासून १९२० पर्यंत चालले. प्रयोगशाळेत शोध लागावा, ग्रंथालयात तो पडताळावा आणि सभागृहात तो लोकांपुढे मांडावा, असा हेतू आराखडा करणाऱ्यांच्या मनात कितपत होता हे सोडून देऊ. इमारतींची मांडणी मात्र तेच सांगते.

सभागृहाला ज्या घराण्याने द्रव्य दिले त्याच्या देणग्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ‘रेडीमनी’ हे या पारशी घराण्याचे आडनाव. व्यापारातील रोखीचा व्यवहार आडनावात उतरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मुंबईत क्वचितच सापडेल. या घराण्यातील पहिले सर कावसजी जहांगीर (१८१२–१८७८) यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ साली पुरे झाले. पुढील पिढीच्या देणगीतून हे सार्वजनिक सभागृह उभे राहिले. त्याच्या पुढील पिढीतील सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी निघाली. विद्वत्सभेसाठी सभागृह, नागरिकांच्या सभेसाठी सभागृह आणि चित्रांसाठी दालन, असा हा तीन पिढ्यांचा क्रम आहे. पाऊण शतकात शहराच्या सार्वजनिक जीवनाची गरज कशी बदलत गेली, याचा तो एक आलेखच होय. मधली पायरी कालांतराने तिसऱ्या पायरीत रूपांतरित व्हावयाची होती, हे अर्थात तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात या सभागृहात राजकीय सभा भरल्या, व्याख्याने झाली, पाश्चात्त्य संगीताच्या मैफली झाल्या. मेहली मेहता यांचा वाद्यवृंद येथे वाजला. पुढे शहरात वातानुकूलित प्रेक्षागृहे झाली आणि रसिकांनी जुन्या सभागृहाकडे पाठ फिरविली. मग जो भाडे देईल त्याला ते मिळू लागले. चामडी वस्तूंची प्रदर्शने, कामगार संघटनांचे मेळावे, लग्नसमारंभ, इतकेच नव्हे तर मुष्टियुद्धाच्या लढतीही तेथे झाल्या. या काळाचा उल्लेख बहुधा अवनतीचा काळ म्हणून केला जातो. मला तो शब्द पुरतेपणी मान्य नाही. ज्या इमारतीत एका आठवड्यात कामगारांचा मेळावा भरतो आणि दुसऱ्या आठवड्यात कोणाचे तरी लग्न लागते, तिची निगा राखली जात नसेल. परंतु ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा तिच्यावरील हक्क अबाधित होता. वास्तू मोडकळीस येणे आणि वास्तूचा उपयोग हलका होणे या दोन गोष्टी आपण फार चटकन एक मानतो.

आता ‘संग्रहालय’ या दुसऱ्या नावाकडे वळू. मुंबईत संग्रहालयाची कल्पना रुजली ती चित्रांच्या निमित्ताने नव्हे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील ज्या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्याचा आरंभ औद्योगिक व नैसर्गिक वस्तूंच्या संग्रहाने झाला. हा संग्रह प्रथम कोटातील लष्करी बराकीत ठेवलेला होता. १८५७ च्या धामधुमीत बराक लष्कराने ताब्यात घेतली आणि वस्तूंची नासधूस झाली. पुढे १८६२ साली नव्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८७२ साली ती लोकांस खुली झाली. समोरच्या वस्तुसंग्रहालयाची कथाही याच वळणाची आहे. १९०५ च्या नोव्हेंबरात युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली, १९०९ च्या स्पर्धेतून विटेटचा आराखडा निवडला गेला, १९१४ साली इमारत तयार झाली, आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिचे लष्करी रुग्णालय झाले. संग्रहालय म्हणून तिचे उद्घाटन व्हावयास १९२२ चा जानेवारी उजाडावा लागला. सरकारला निकड पडली की पहिली टाच संग्रहालयाच्या जागेवर येते, असा एक अलिखित नियम या दोन उदाहरणांवरून सांगता येईल.

वस्तू गोळा करावयाच्या, जपावयाच्या आणि मांडावयाच्या, या कामासाठी मराठीने ‘संग्रहालय’ हा शब्द स्थिर केला. व्याकरणाच्या अभ्यासकास ‘संग्रह’ म्हटले की प्रथम व्याडीचा लुप्त ग्रंथ आठवावा हे स्वाभाविक आहे. परंतु सामान्य व्यवहारात ‘सम्’ आणि ‘ग्रह्’ मिळून ‘एकत्र धरून ठेवणे’ हाच अर्थ जागा असतो. ‘आलय’ म्हणजे जेथे येऊन विसावावयाचे ती जागा. तेव्हा शब्दाच्या रचनेतच दोन गोष्टी गृहीत आहेत : वस्तू कोणाच्या तरी मुठीत आहेत, आणि त्यांचा प्रवास संपलेला आहे. पुरातन मूर्तीला अथवा नाण्याला हे लागू पडते. ‘आधुनिक कला संग्रहालय’ असे म्हणताच मात्र शब्दाशब्दांत कुरबुर सुरू होते. ‘अधुना’ म्हणजे आता. ‘आधुनिक’ म्हणजे आत्ताचे. जे आत्ता चाललेले आहे ते विसाव्याच्या जागी आणून ठेवावयाचे कसे? ही अडचण केवळ मराठीची नाही. जगभरच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांना तिने छळले आहे. आपल्या समासाने ती अधिक उघडी केली, इतकेच.

जाता जाता येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. समोरच्या संग्रहालयाच्या नावातील ‘वस्तु’ हा शब्द पुष्कळ लोक ‘वास्तु’ असा उच्चारतात आणि लिहितातही. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ही चूक खरी. तथापि दोन्ही शब्द ‘वस्’ या एकाच धातूपासून साधलेले असल्यामुळे आणि ती इमारत स्वतःच पाहण्यासारखी असल्यामुळे, या चुकीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. कुर्ल्याचा करडा काळवत्री दगड, मालाडचा पिवळसर दगड, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट आणि त्याखाली नाशिकच्या एका वाड्यातून आणलेले कोरीव लाकूडकाम, हे सारे पाहिल्यावर वस्तू कोठे संपते आणि वास्तू कोठे सुरू होते हे सांगणे कठीणच.

चित्रकारांची गरज वेगळी होती. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला. त्या वेळी नवी चित्रे कायमची मांडता येतील अशी जागा शहरात नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली निघाली. दुर्गा बाजपेयी यांनी आखलेले तिचे पुढे झेपावलेले काँक्रीटचे छत काळ्या घोड्याच्या दगडी परिसरात आजही नवे वाटते. परंतु तेथे चित्रे लागावयाची ती थोड्या दिवसांसाठी. मुदत संपली की भिंती पुन्हा मोकळ्या. दिल्लीत १९५४ साली जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय संग्रहालय झाले, पण आधुनिक चित्रकलेचा एवढा मोठा भाग ज्या शहरात घडला त्या मुंबईत तसे काही नव्हते. जुने सभागृह या कामासाठी मिळावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी यांचा वाटा मोठा होता. म्हणजे संग्रहालयाची मागणी सरकारातून निघाली नाही. ती शहरातील कलावंत आणि नागरिक यांच्याकडून आली. पुढील भागाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

रूपांतराच्या कामाला सुमारे एक तप लागले. वास्तुविशारद होते रोमी खोसला. पोचखानवाला १९८६ साली निवर्तल्या. त्यांना पुरे झालेले काम पाहावयास मिळाले नाही. १९९६ साली संग्रहालय खुले झाले आणि पहिले प्रदर्शन भरले ते प्रोग्रेसिव्ह मंडळींच्या चित्रांचे. ज्यांना जागा नव्हती त्यांना ती अर्ध्या शतकाने मिळाली. सहापैकी आरा तोवर हयात नव्हते, ही गोष्ट निराळी.

खोसलांपुढचा प्रश्न साधा नव्हता. जुन्या वास्तूचा दर्शनी भाग व घुमट राखावयाचे, आणि आत भिंतींची लांबी वाढवावयाची, कारण चित्राला भिंत लागते. सभागृहाच्या पोकळीत भिंती नसतात. तीत असते ती माणसांची गर्दी व वर मोकळी हवा. त्यांनी ती पोकळी उभी विभागली आणि दालनांना अर्धवर्तुळाचा आकार देऊन एकेक वर चढवीत नेले. परंतु मधली मोकळी जागा त्यांनी पूर्ण बुजविली नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरून खालचे प्रेक्षक दिसतात आणि खालून वर पाहिले तर कठड्याशी उभी असलेली माणसे दिसतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाईम संग्रहालयाशी (१९५९) याची तुलना सहज सुचते. तेथे फ्रँक लॉइड राइट यांनी संबंध इमारतच सर्पिल उतरणीच्या रूपात घडविली. प्रेक्षकाने उद्वाहकाने वर जावे आणि चित्रे पाहत चालत खाली यावे, अशी त्यांची कल्पना होती. २०१४–१५ मध्ये नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन तेथे भरले, म्हणून मराठी वाचकास ही इमारत अगदीच परकी नाही. राइट यांना रिकामा भूखंड मिळाला होता. खोसलांना भरलेले घर मिळाले. न्यूयॉर्कला चित्र पाहताना मनुष्य उतरतो, मुंबईस तो चढतो. आणि दमसुद्धा खातो. पॅरिसच्या रेल्वे स्थानकाचे १९८६ साली झालेले ओर्से संग्रहालय हे मुंबईच्या कामाचे अधिक जवळचे नातलग होय. बिल्बाओचे बहुचर्चित संग्रहालय मुंबईच्या नंतर एक वर्षाने, १९९७ मध्ये उघडले आणि ‘संग्रहालय म्हणजे बाहेरून दिपविणारी इमारत’ ही समजूत तेथून दृढ झाली. मुंबईतील वास्तूने दिपविण्याचे काम आतल्या बाजूस केले असल्यामुळे तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले.

महाभारताच्या वाचकास येथे मयसभा आठवेल. सभापर्वात मयासुराने पांडवांसाठी बांधलेल्या सभेत दुर्योधन स्फटिकभूमीला पाणी समजून वस्त्रे सावरतो आणि पाण्याला भूमी समजून त्यात पडतो. आश्चर्यकारक वास्तू पाहावयास आलेल्या प्रेक्षकाचे आपल्या वाङ्मयातील हे सर्वांत प्रसिद्ध चित्र असावे. मराठीत ‘मयसभा’ हा शब्द पुढे भासाचा वाचक झाला आणि त्यातील ‘सभा’ विसरली गेली. मूळ कथेत मात्र ती सभाच आहे. राजे तेथे जमतात, बोलतात आणि अपमानही तेथेच होतो. वास्तूची चमत्कृती आणि माणसांचे एकत्र येणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या केलेल्या नाहीत. मयासुराला चौदा महिने पुरले, आपल्याला बारा वर्षे लागली, हा फरक मात्र मान्य केला पाहिजे.

‘गॅलरी’ या तिसऱ्या शब्दाची कथा मला विद्यार्थ्यांमुळे नव्याने सुचली. प्रस्तुत लेखक कामोठ्याचा रहिवासी आहे. पनवेलच्या परिसरात सिडकोने वसविलेल्या या वसाहतीतून दक्षिण मुंबईस जावयाचे तर मानसरोवर अथवा खांदेश्वर स्थानकावरून हार्बर मार्गाची गाडी धरावयाची, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावयाचे आणि पुढे महात्मा गांधी मार्गाने चालत जावयाचे. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह मी असा गेलो असता, एका विद्यार्थिनीने सांगितले की ‘नॅशनल गॅलरी पाहावयास जाते’ असे घरी म्हणताच आजीने ‘पाहुण्यांच्या गॅलरीत काय पाहायचंय?’ असे विचारले. सारे हसले. परंतु आजीबाईंचा अर्थ चुकीचा नव्हता. मराठीत ‘गॅलरी’ म्हणजे घराला लागलेला सज्जा. कामोठ्याच्या सदनिकांत तेथे कपडे वाळतात, तुळशीची कुंडी असते आणि कबुतरांसाठी जाळी लावावी लागते. त्याच्या आधीची अवस्था गिरणगावच्या चाळीत पाहावयास मिळते : खोल्यांच्या पुढून जाणारी, एका बाजूने उघडी, लांबलचक आणि सर्वांची मिळून असलेली वाट. तिच्यात मनुष्य उभा राहतो, रस्ता पाहतो आणि शेजाऱ्याशी बोलतो.

आता युरोपीय शब्दाचा इतिहास पाहिला तर काय दिसते? इटालियन ‘गॅलेरिया’ म्हणजे मूळची छप्पर असलेली लांब वाट, चालण्याची जागा. फ्लॉरेन्समध्ये व्हासारी याने १५६० पासून जी इमारत बांधली ती कचेऱ्यांसाठी होती. ‘उफ्फीत्सी’ या नावाचा अर्थच ‘कचेऱ्या’ असा आहे. तिच्या वरच्या मजल्यावरील अशा लांब वाटेत १५८१ साली मेदिची घराण्याच्या शिल्पांची व चित्रांची मांडणी झाली. अशा मांडण्यांच्या निमित्ताने वाटेचे नाव चित्रांच्या जागेस चिकटले. तेव्हा ‘चित्रसंग्रह’ हा गॅलरीचा नंतरचा अर्थ असून चाळीतील गॅलरी हा मूळच्या अर्थाशी अधिक इमान राखणारा आहे. जगातील या प्रसिद्ध कलादालनाचाही जन्म, मुंबईच्या संग्रहालयाप्रमाणेच, दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या इमारतीत झाला हेही लक्षात घ्यावे.

‘म्युझियम’ या शब्दाची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईच्या बसवाहकाच्या तोंडी ‘म्युझियम’ हे एका थांब्याचे नाव झाले आहे आणि कोणालाही त्याचे मूळ शोधावेसे वाटत नाही. ग्रीक ‘मूसेयॉन’ म्हणजे कलादेवतांचे स्थान. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात स्थापन झालेल्या अशा संस्थेचे वर्णन भूगोलकार स्ट्रॅबो याने केले आहे. त्यात तीन गोष्टी येतात : फिरावयाची वाट, बसून चर्चा करावयाची बैठकीची जागा आणि विद्वानांचे सहभोजन होई ते मोठे घर. पहिलीला पुढे गॅलरी म्हणता आले असते. दुसरीला ग्रीक शब्द ‘एक्सेड्रा’ आहे. अशा बैठकी पुष्कळदा अर्धवर्तुळाकार असत. वस्तूंच्या संग्रहाचा या वर्णनात उल्लेख नाही. अर्थात ज्या शब्दाचे भाषांतर आपण ‘संग्रहालय’ असे केले, त्याच्या प्राचीनतम अर्थात संग्रह नव्हता, सभा होती. आपण शब्द घेतला तो त्याच्या सर्वांत अलीकडच्या अर्थाने घेतला. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी आपल्याला म्युझियम दाखविले ते वस्तूंचे कोठार म्हणूनच. म्हणून भाषांतरकारांस दोष देता येत नाही.

संस्कृत परंपरेत दुसरे शब्द उपलब्ध होते. ‘मालविकाग्निमित्रा’त राजाला नायिकेची पहिली ओळख घडते ती चित्रशाळेतील चित्रामुळे. विदर्भाच्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण चित्रे पाहत पुढे सरकतात, बोलतात, रडतात, एकमेकांना समजावतात. चित्र पाहणे हे तेथे मुके काम नाही. पुढे ‘चित्रशाळा’ हा शब्द पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या छापखान्याने उचलला आणि घरोघरी गेलेल्या छापील चित्रांशी तो इतका निगडित झाला की कलादालनासाठी तो मोकळा राहिला नाही. शब्दांनाही जागा भाड्याने जातात. आमच्या रायगड जिल्ह्यात सासवणे येथे शिल्पकार विनायकराव करमरकरांच्या राहत्या घराला ‘शिल्पालय’ म्हणतात. हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण त्यात कोणी काही धरून ठेवल्याचा ध्वनी नाही.

याच जिल्ह्यातील नागाव येथे १९३६ साली जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या निमित्ताने आपला मूळ वाद उघड्यावर आला. बरवे १९९५ साली निवर्तले. चित्राच्या घडणीविषयी त्यांनी मराठीत लिहिलेले ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आमच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे अशा योग्यतेचे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘रिकाम्या पेटीच्या आत’ असा होता. ८ फेब्रुवारीच्या उद्घाटनसमारंभात अभिनेते व चित्रकार अमोल पालेकर बोलावयास उभे राहिले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या २०१८ च्या अखेरीस विसर्जित झाल्या, कोणते प्रदर्शन भरवावयाचे हे यापुढे दिल्लीहून ठरणार, आणि बाहेरच्या प्रदर्शनांना केवळ घुमटाखालचे दालन मिळून उरलेली जागा संस्थेच्या स्वतःच्या संग्रहाला राखली जाणार, असे आपल्या कानी आल्याचे सांगून त्यांनी त्याबद्दल प्रश्न विचारले. बोलणे चालू असतानाच त्यांना व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा अडविण्यात आले आणि प्रदर्शनापुरतेच, चित्रकारापुरतेच बोलण्यास सांगण्यात आले. भाषण त्यांना आटोपते घ्यावे लागले.

त्या वेळी वृत्तपत्रांतून या प्रसंगाची जी चर्चा झाली ती मुख्यतः भाषणस्वातंत्र्याच्या अंगाने झाली. ते अंग महत्त्वाचे आहेच. पण त्याला एक स्थळविशिष्ट बाजू आहे आणि ती फारशी कोणी पाहिली नाही. संग्रहालय म्हणजे संग्रहाचे आलय, एवढाच अर्थ धरला, तर अडविणाऱ्यांचे म्हणणे निदान सुसंगत ठरते. भिंतीवर बरव्यांची चित्रे आहेत, तेव्हा बरव्यांविषयी बोला. संस्थेचा कारभार हा संग्रहाचा विषय नव्हे. मात्र हे सार्वजनिक सभागृह आहे, नागरिकांच्या मागणीवरून ते कलेसाठी मिळाले आहे आणि सल्लागार समित्या हा त्या मागणीचाच उरलेला धागा होता, हे ध्यानात घेतले तर पालेकरांचा प्रश्न विषयांतर राहत नाही. सभेत सभेच्या कारभाराविषयी विचारणे हे विषयाला धरूनच असते. उलट मृत चित्रकाराच्या स्मृतीचा दाखला देऊन जिवंत चित्रकारांचा प्रश्न बाजूस सारणे, हेच विषयांतर म्हणावे लागेल. ज्यांनी अडविले त्यांनी ‘संग्रहालया’चा नियम लावला, जे बोलत होते ते ‘हॉल’मध्ये उभे होते. उभयतांना आपापला शब्द पूर्ण खरा वाटत होता.

जागेच्या वाटपाचा मुद्दाही वरवरचा नाही. या वास्तूत घुमटाखालचे दालन सर्वांत वर आहे आणि तेथवर जावयाचे तर खालची सारी दालने ओलांडावी लागतात. वरचे एकच दालन चालत्या कलेला देऊन खालची सर्व संग्रहाला राखली, तर ‘आधुनिक’ आणि ‘संग्रह’ यांतील कुरबुर वास्तूच्या मजल्यांत कायमची कोरली जाईल. आधी जपलेले पाहा, मग श्वास लागल्यावर आत्ताचे पाहा, असा तो क्रम होईल. खोसलांच्या योजनेत असा क्रम नाही. मधली पोकळी त्यांनी राखली ती दालनांनी एकमेकांकडे पाहावे म्हणून, असे निदान मला तरी प्रत्येक भेटीत वाटत आले आहे. बरव्यांच्या प्रदर्शनात विद्यार्थी कठड्याला टेकून खालच्या मजल्यावरील मित्रांना खुणा करीत होते आणि एका चित्रातील घड्याळाविषयी मजल्या-मजल्यांतून त्यांचा हळू आवाजात वाद चालला होता. रखवालदाराने त्यांना एकदा हटकले. दुसऱ्या वेळी तोही ते चित्र पाहू लागला.

दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय एका संस्थानिकाच्या प्रासादात आहे आणि २००९ साली उघडलेले बंगळूरचे माणिक्यवेलू हवेलीत. तिन्ही ठिकाणी आधुनिक कलेला दुसऱ्याचे घर मिळाले. फरक इतकाच की दोन घरे खाजगी होती आणि मुंबईचे घर आधीपासून लोकांचे होते. संस्थेच्या अधिकृत पत्त्यात आजही ‘सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, महात्मा गांधी मार्ग, फोर्ट’ असे छापलेले असते.